उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. लोहारा, जि. यवतमाळ)

 

आज आम्ही विमानाच्या प्रवासाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, इथं एसटीत बसायला जागा मिळेना आणि या बाया विमानाच्या गोष्टी काय सांगतात! पण खरं सांगा, आपल्या गावातली मुलं-मुली आता पुण्या-मुंबईवर थांबतात का? कुणाची लेक परदेशी नर्स आहे, कुणाचा मुलगा आखातात कामाला आहे, कुणाचा जावई कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आणि लेकीचं पहिलं बाळंतपण आलं की आईचा जीव घरात राहत नाही, मग लेक दारव्ह्याला असो की लंडनला.

आमच्या गटातल्या एका ताईची लेक लंडनला. जानेवारीत बाळंतपणाची तारीख होती. ताईनं पासपोर्ट काढला, व्हिसा काढला, मेथीचे आणि डिंकाचे लाडू कसे न्यायचे याची चौकशी केली. तिकीट एका ओळखीच्या माणसाकडून काढलं. गटाच्या बैठकीत तिनं ते आम्हाला दाखवलं. मुंबईहून विमान दुपारी 1 वाजता निघणार, लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोहोचणार. आम्ही सगळ्यांनी बोटांवर मोजलं. साडेचार तास! एक जण म्हणाली, "अगं, एवढा वेळ तर एसटीनं नागपूरला जायला अन् स्टँडवरून घरी पोचायलाच लागतो." सगळ्या हसलो. ताईची भीती गेली, आमचीही गेली.

पुढं काय झालं? ताईचं नागपूर ते मुंबईचं विमान सकाळी 9 चं होतं, मुंबईला 10 वाजून 40 मिनिटांनी पोहोचणारं. आम्हाला वाटलं, मध्ये 2 तास 20 मिनिटं आहेत, भरपूर झाले. पण त्या दिवशी धुकं होतं. विमान दीड तास उशिरा निघालं. ताई मुंबईला उतरली तेव्हा 12 वाजून गेले होते. सामान यायचं होतं, मग दुसऱ्या इमारतीत जायचं होतं. ती तिथं पोहोचली तेव्हा लंडनच्या विमानाची खिडकी बंद झाली होती. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी होती, म्हणून पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्याला काही देणंघेणं नव्हतं. लंडनचे पैसे बुडाले. नवीन तिकिटासाठी गटातून कर्ज काढावं लागलं. ती पोहोचली दोन दिवसांनी, आणि लेक आदल्या रात्रीच बाळंत झाली होती. कळा येताना लेकीजवळ आई नव्हती. ताईला पैशापेक्षा याचं दुःख जास्त आहे, आणि आम्हालाही.

आम्ही कुणाला नावं ठेवायला आलेलो नाही. तिकीट आम्हीही पाहिलं होतं. वाचता येत होतं, पण त्यातला हिशेब येत नव्हता. आमच्या गटाचे हप्ते, व्याज, शिल्लक यात एका रुपयाची चूक होत नाही. मग हा हिशेब का येऊ नये? म्हणून ताई परत आल्यावर आम्ही सगळ्या तिच्यासोबत बसलो आणि तो शिकलो. तोच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट घड्याळाची. विमानाच्या तिकिटावर जी वेळ लिहिलेली असते, ती त्या त्या गावची असते. मुंबईची वेळ मुंबईच्या घड्याळानं, लंडनची लंडनच्या घड्याळानं. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली तर उत्तर चुकणारच. आम्ही तेच केलं.

घड्याळं वेगळी का? पृथ्वी 24 तासांत एक फेरी पूर्ण फिरते, म्हणून सूर्य सगळीकडं एकाच वेळी उगवत नाही. परदेशाचं सोडा, आपल्या महाराष्ट्रातच बघा. गडचिरोलीत सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. तरी दोन्हीकडचं घड्याळ एकच, कारण सगळ्या भारतानं उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या एका रेषेची वेळ धरली आहे. लंडन आपल्या पश्चिमेला फार लांब आहे. तिथं दिवस आपल्या मागून उजाडतो. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात, म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं घेतात.

आता ताईचं तिकीट पुन्हा वाचू. लंडनला संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे आपल्याकडं त्यात साडेपाच तास मिळवा, रात्रीचे 11. दुपारी 1 ते रात्री 11, म्हणजे 10 तास. साडेचार नाही, 10. सकाळचा चहा लोहाऱ्यात घेतला तरी रात्री सगळे झोपेपर्यंत बसूनच राहायचं, एवढा मोठा तो प्रवास.

परतीला उलटं होतं. समजा विमान लंडनहून रात्री 9 ला निघालं आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पोहोचलं. नुसतं पाहिलं तर साडेचौदा तास दिसतात. त्यातून साडेपाच वजा करा. राहिले 9 तास.

म्हणजे नियम साधा आहे. दोन्ही वेळा आधी आपल्या घड्याळात आणायच्या, मगच वजाबाकी करायची. आणि पोहोचण्याच्या वेळेपुढं बारीक अक्षरात अधिक 1 असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ पुढच्या दिवशी.

यातच एक मोठा खड्डा आहे. पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारीख, रात्रीचे साडेबारा असं असेल, तर आपण 14 तारखेच्या संध्याकाळीच विमानतळावर असायला पाहिजे. 15 तारखेला रात्री जेवून निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. अशी तारीख दिसली की कॅलेंडरवर 14 तारखेला गोल करून ठेवा.

दुसरी गोष्ट अंतराची. मुंबई ते लंडन विमानाच्या वाटेनं साधारण 7200 किलोमीटर. किती म्हणजे किती? अख्ख्या पृथ्वीचा घेर सुमारे 40000 किलोमीटर आहे. म्हणजे पाचव्या हिश्शाला थोडं कमी.

हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. गोल वस्तूची साल सपाट पसरवली की कुठंतरी ताणते, कुठंतरी फाटते. आम्ही बैठकीत पोरांचा एक मोठा चेंडू आणला. त्यावर खडूनं दोन ठिपके दिले, दोन्ही वरच्या बाजूला, पण एकमेकांपासून लांब. मग दोन ठिपक्यांमध्ये सुतळी ताणून धरली. सुतळी सरळ आडवी गेलीच नाही, वरून वळसा घेऊन गेली, आणि तीच सगळ्यात जवळची वाट निघाली. विमानही तशीच वाट धरतं. म्हणून मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान नकाशावर सरळ समुद्रावरून जाताना दिसत नाही, उत्तरेकडं वर चढून, युरोपाच्या बाजूनं जातं. मुलांच्या फोनवर विमानाची वाट वाकडी दिसली तर घाबरू नका. ते चुकलेलं नसतं, जवळच्याच वाटेनं चाललेलं असतं.

तिसरी गोष्ट वेगाची. मोठं विमान उंचीवर गेलं की ताशी सुमारे 850 ते 900 किलोमीटर वेगानं जातं. 7200 ला 850 नं भागा. साडेआठ तास येतात. मग तिकिटावर 10 का? त्याला कारणं आहेत. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते उतरून जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, वर चढणं, उतरताना नंबर येईपर्यंत घिरट्या घालणं, सगळं त्यात येतं. नागपूर ते मुंबई हवेतलं अंतर सुमारे 680 किलोमीटर. पूर्ण वेगानं तासाभराच्या आतलं काम, पण तिकिटावर दीड-पावणेदोन तास असतात, ते याचमुळं.

दुसरं कारण वारा. खळ्यावर उफणणी करताना आपण वाऱ्याकडं तोंड करतो की पाठ, यावर सगळं काम अवलंबून असतं. आकाशातही तसंच आहे. 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. म्हणून जाताना 10 तास लागले तर येताना 9 लागतात. अंतर तेच, वेळ वेगळी.

तिसरं कारण देशादेशांतली भांडणं. विमानाला दुसऱ्या देशाच्या आकाशातून जायला परवानगी लागते. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि भारतानंही त्यांच्या विमानांना बंद केलं. तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेकडं जाणाऱ्या भारतीय विमानांना लांबचा वळसा पडू लागला, वेळ वाढला. बांधावरून भांडण झालं की आपल्याला वावरात जायला वळसा पडतो, तसंच हे. म्हणून शेजारणीला मागच्या वर्षी 9 तास लागले म्हणून आपल्यालाही तेवढेच लागतील असं धरू नका. आपल्या तिकिटावरचा वेळ आपण मोजायचा.

आता चौथी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. प्रवास विमानतळापासून मोजायचा नसतो, आपल्या उंबरठ्यापासून मोजायचा असतो. पुरुष मंडळी सांगतात, 10 तासांत लंडन. पण बाई घरातून निघते ती चुलीपुढून, आणि पोहोचते ती लेकीच्या स्वयंपाकघरात. मधला सगळा वेळ तिच्या अंगावर जातो.

आम्ही ताईच्या प्रवासाचा हिशेब पुन्हा मांडला, या वेळी नीट. यवतमाळलाही धावपट्टी आहे, पण मुंबईचं रोजचं विमान काही तिथून सुटत नाही. म्हणून नागपूर. लोहाऱ्याहून सोनेगावचा विमानतळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ, सुमारे दीडशे किलोमीटर. लंडनचं विमान दुपारी 1 चं, तर नागपूरहून सकाळी 6 चं विमान धरलं. देशातल्या विमानाला दोन तास आधी पोहोचायचं, म्हणजे पहाटे 4 वाजता. त्यासाठी घरातून रात्री 12 ला निघायचं. सकाळी पावणेआठला मुंबई. परदेशी विमानाला तीन तास आधी, म्हणजे 10 वाजता हजर. 1 वाजता विमान. रात्री 11 ला, आपल्या घड्याळानं, लंडन. तिथं पासपोर्ट तपासायची रांग, सामान, मग लेकीच्या घरापर्यंतची वाट, असे आणखी तीन तास धरा. आपल्या घड्याळात रात्रीचे 2.

रात्री 12 ते दुसऱ्या रात्री 2. एकूण 26 तास. त्यातले दोन्ही विमानांत मिळून साडेअकरा-पावणेबारा तास. बाकीचे 14 तास रस्त्यावर, रांगेत आणि वाट बघण्यात. आणि या सगळ्यात दीडशे किलोमीटरच्या आपल्या रस्त्यानं 4 तास घेतले. तेवढ्या वेळात विमान मुंबईहून निघून दुबईच्या कितीतरी पुढं जातं! म्हणून आम्ही ठरवलं, आमच्यातली कुणीही जाईल ती आदल्या दिवशी दुपारीच निघेल आणि रात्री नागपुरात नातेवाइकांकडं झोपेल.

आता दोन विमानांमधल्या वेळेबद्दल. आमचं चुकलं ते इथं. तिकीट काढतानाच विचारा, "भाऊ, हे सगळं एकच तिकीट आहे की दोन?" एका पीएनआर नंबरावर पूर्ण प्रवास असेल, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यानं दुसरं चुकलं तरी साधारणपणे कंपनीच पुढच्या विमानात बसवते, आणि बहुतेक वेळा सामानही परस्पर पुढं जातं. दोन वेगळी तिकिटं असतील तर जबाबदारी आपली. मग मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा. दोन तासांवर विसंबू नका. हिवाळ्यात धुकं आणि पावसाळ्यात मुंबईचा पाऊस यांचा काही नेम नसतो.

मुंबईत विमानतळाच्या इमारती दोन आहेत, त्यांना टर्मिनल म्हणतात. टर्मिनल 1 सांताक्रुझच्या बाजूला, टर्मिनल 2 सहारला. परदेशी विमानं टर्मिनल 2 वरून जातात. नागपूरचं विमान 1 वर उतरलं तर चार-पाच किलोमीटर रस्त्यानं जावं लागतं, आणि मुंबईचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे. शिवाय ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या वेगळ्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तेव्हा तिकिटावर नुसतं मुंबई वाचून थांबू नका, कोणता विमानतळ आणि कोणतं टर्मिनल, हेही वाचा.

नागपूरहून दोह्यामार्गे जाणारं विमान त्या दिवसांत असेल, तर तेही बघा. नागपूर ते दोहा सुमारे 2800 किलोमीटर, दोहा ते लंडन सुमारे 5200. एकूण 8000. मुंबईमार्गे 7900 च्या आसपास होतात. म्हणजे अंतर जवळजवळ तेवढंच, पण विमान एकाच विमानतळात बदलायचं असतं. किलोमीटर किती यापेक्षा मध्ये कुठं आणि किती वेळ थांबायचं, ते बघायचं.

शरीराचंही थोडं सांगतो. 10 तास एका जागी बसल्यानं पाय सुजतात. तासा-दोन तासांनी उठा, चार पावलं चाला, पाणी प्या. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. घड्याळ बदललं की गोळी कोणत्या वेळी घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नेणारा माणूस रांगांमधूनही वाट दाखवतो, आणि भाषा येत नसेल तेव्हा त्याचा फार आधार होतो. तिथं पोहोचल्यावर तीन-चार दिवस पहाटे 2 वाजता जाग येईल. आजार नाही तो. अंग अजून लोहाऱ्याच्या घड्याळावर असतं.

एक गंमतही सांगतो. ताईची नात झाली तेव्हा लंडनमध्ये 10 तारखेचे रात्रीचे 11 वाजले होते. आपल्याकडं 11 तारखेची पहाट, साडेचार वाजले होते. मग पाचवी कोणत्या दिवशी पुजायची? इथल्या आजीनं 11 पासून मोजलं, तिकडं आईनं 10 पासून. शेवटी दोन्हीकडं आपापल्या दिवशी पूजा झाली. सटवाईनं दोनदा यायचं कष्ट घेतले असणार!

मैत्रिणींनो, हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, नको बाई एवढी कटकट. त्यांना एकच आठवण करून देतो. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय 18 वर्षं. नवरा सोबत नव्हता. न्यूयॉर्कला त्या 4 जूनला उतरल्या. 58 दिवस! डॉक्टर व्हायला गेल्या होत्या आणि होऊन आल्या. आज मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान साधारण 15-16 तासांत जातं. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत 10 जूनला पोहोचलं होतं.

आणि आपलं नागपूर तरी काय कमी! 1949 च्या जानेवारीत रात्रीची टपालाची विमानं सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चारही शहरांहून विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. तिथं टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मध्यावर, चौघांनाही सोयीचं, म्हणून ही निवड. अंतर आणि वेळ नीट मोजला म्हणून देशभरची पत्रं एका रात्रीत पोहोचू लागली. मोजलं नाही म्हणून आमची एक आई दोन दिवस उशिरा पोहोचली.

तेव्हा तुमच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्यांची लेकरं लांब आहेत त्यांच्या गावांची नावं लिहा. त्या प्रत्येक गावाचं घड्याळ आपल्यापेक्षा किती मागं की पुढं, ते मुलांना विचारून वहीत नोंदवा. कुणाचं तिकीट आलं की गटात मोठ्यानं वाचा. दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणा. तिकीट एक की दोन, विमानतळ कोणता, मध्ये वेळ किती, हे विचारा. आणि शेवटी उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत बेरीज करा.

ताई अजून कर्जाचे हप्ते फेडते आहे. पण आता गावात कुणाचंही तिकीट आलं की ते आधी तिच्याकडं येतं. ती चष्मा लावते, वही उघडते आणि पहिला प्रश्न विचारते, "हे घड्याळ कोणत्या गावचं?"

आमचं बोलणं इथंच थांबवतो.